आधी पावले, मग समीकरण

निर्देशक भूमितीतले एक साधे उदाहरण घ्या. अ (१, २) आणि ब (५, ५) या बिंदूंतून एक रेषा जाते. तिला समांतर अशी दुसरी रेषा क (२, −१) मधून जाते. या दुसऱ्या रेषेवरचे आणखी तीन बिंदू शोधा.

बहुतेक जण चढाचे सूत्र आठवून ३/४ हा चढ काढतात आणि समीकरण मांडतात: ३क्ष − ४य = १०. मग क्ष = ०, क्ष = १ अशा किमती घालतात आणि य साठी −५/२, −७/४ असे अपूर्णांक पदरी पडतात. उत्तर चूक नाही. पण एवढा वळसा कशाला?

३/४ हा चढच वाट सांगतो आहे. उजवीकडे ४ घरे जा, वर ३ घरे चढा. क पासून निघालात की (६, २) मिळाला. पुन्हा तसेच, (१०, ५). उलट, म्हणजे डावीकडे ४ व खाली ३ गेलात की (−२, −४). झाले! यांच्या अधेमधे पूर्णांकी बिंदू शोधत बसू नका. ३ आणि ४ यांना १ खेरीज सामाईक विभाजक नाही, त्यामुळे ते सापडायचे नाहीत.

एका प्रतलातल्या ज्या रेषा दोन्ही बाजूंना कितीही वाढवल्या तरी मिळत नाहीत, त्या समांतर, असे युक्लिडने सांगितले. पण अमर्याद वाढवून पाहणार कोण? चढ हे काम चार घरांत उरकतो. (क पहिल्याच रेषेवर नाही, एवढे मात्र तपासून घ्या.) ‘समांतर म्हणजे चढ समान’ असे नुसते घोकणाऱ्याला यातली गंमत कळत नाही.

उभ्या रेषेपाशी तर तो अडतोच. (३, १) व (३, ५) घ्या. छेदात शून्य येते, चढ सांगता येत नाही. म्हणून तिला समांतर रेषाच नाहीत की काय? पावले मोजा: बाजूला ०, वर ४. (७, ० ) पासून निघून (७, ४) ला पोहोचलात.

शिक्षकांनाही विनंती आहे. प्रश्नात केवळ बिंदू विचारले असतील, तर आलेखाच्या कागदावर पावले मोजून आणलेल्या उत्तराला पूर्ण गुण द्यावेत. समीकरण नाही म्हणून कापू नयेत. समीकरण निरुपयोगी आहे असे नव्हे. बिंदू दूरचा असला की त्याचीच मदत होते. (१०२, ७४) हा बिंदू आपल्या रेषेवर आहे का, ते दोन्ही रीतींनी करून पाहा.