काचेच्या पेटीतील उत्तरदायित्व

मेक्सिको शहराच्या दक्षिणेस असलेल्या झोचिमिल्कोच्या कालव्यांत राहणारा एक उभयचर प्राणी आज जगभरच्या मुलांचा लाडका झाला आहे. त्याचे नाव ॲक्झोलॉटल. हसरे तोंड आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंस पिसांसारखे फुललेले कल्ले, असे त्याचे रूप. २०२१ साली तो मेक्सिकोच्या ५० पेसोंच्या नोटेवर आला आणि त्याच वर्षी मुलांच्या संगणकीय खेळांतही शिरला. तेव्हा कवठे महांकाळच्या एखाद्या शिक्षकाच्या वा कारकुनाच्या घरी ‘आपण हा प्राणी पाळू या’ असा हट्ट मुलाने धरला, तर त्यात नवल वाटण्याचे कारण नाही. मुलांच्या कुतूहलाला ‘नाही’ म्हणणे सोपे असते. परंतु या हट्टाचे उत्तर विचारपूर्वक द्यावयाचे, तर आधी त्या प्राण्याची गरज समजून घेतली पाहिजे.

ॲक्झोलॉटल थंड पाण्याचा रहिवासी आहे. १६ ते १८ अंश सेल्सिअस हे त्याला मानवणारे तापमान. पाणी २४ अंशांच्या वर दीर्घकाळ राहिले, की तो अन्न सोडतो, त्याच्या अंगावर बुरशी धरते आणि अखेर तो दगावतो. आपल्या तालुक्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या आसपास जातो आणि घरातील माठाचे पाणीही या प्राण्याला कोमटच वाटावे अशी स्थिती असते. पृष्ठभागावर पंखा सोडला तर कोरड्या हवेत बाष्पीभवनामुळे पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. तेवढ्याने भागत नाही. पाणी गार करणारे विजेचे यंत्र बसवावे लागते आणि वीज गेली तरी ते थांबणार नाही याची तजवीज करावी लागते.

कोणी म्हणेल, ज्या तालुक्याने १९७२ चा दुष्काळ सोसला आणि कृष्णेचे पाणी म्हैसाळ योजनेतून उपसून येण्याची वाट वर्षानुवर्षे पाहिली, तेथे शोभेच्या पेटीत पाणी भरून ठेवणे हाच अपराध नव्हे काय? हा आक्षेप भावनेला पटणारा असला तरी हिशेबाला उतरत नाही. तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच पेटीत सुमारे शंभर लिटर पाणी मावते. दर आठवड्यास त्यातील पंचमांश, म्हणजे वीसेक लिटर बदलावे लागते, आणि काढलेले पाणी परसातील झाडांना उत्तम खत ठरते. तेव्हा प्रश्न पाण्याचा नाही; थंडाव्याचा आहे, आणि त्याहून अधिक सातत्याचा आहे.

हे सातत्य प्राणी आणण्यापूर्वीच सुरू होते. नव्या पेटीतील पाणी दिसावयास स्वच्छ असले तरी ते राहण्यायोग्य नसते. प्राण्याच्या मलमूत्रातून अमोनिया हे विष तयार होते. त्याचे नायट्राइटमध्ये आणि पुढे त्यामानाने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जीवाणू गाळणीत वाढावयास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पेटी रिकामीच चालवावी लागते. गाळणीचा प्रवाह मंद हवा, प्रकाश सौम्य हवा, कारण या प्राण्याला पापण्या नाहीत. लपावयास मातीची नळी वा कुंडी हवी. तळाशी बारीक खडे घालू नयेत. अन्नाबरोबर ते गिळले जाऊन आतड्यात अडकतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन घालविल्यावाचून ते पेटीत ओतू नये. खाद्य म्हणून गांडूळ उत्तम. मात्र गांडूळखताच्या वाफ्यातील तांबडी जात कडवट असल्याने तो पुष्कळदा थुंकून टाकतो, आणि औषध फवारलेल्या रानातील गांडूळ तर त्याला देऊच नये. एवढे सारे दहा ते पंधरा वर्षे करावयाचे आहे. म्हणजे पाचवीतल्या मुलाने आणलेला प्राणी, तो मुलगा नोकरीस लागेपर्यंत घरात राहू शकतो!

यास कायद्याचीही बाजू आहे. वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात हा प्राणी १९७५ पासून आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली आणि अशा विदेशी प्राण्यांची नोंदणी बंधनकारक झाली. त्यासाठीचे नियम २०२४ मध्ये आले. विक्रेता कागदपत्रे दाखवीत नसेल तर तेथूनच परतावे, हे शहाणपणाचे. आणि कंटाळा आला म्हणून प्राणी ओढ्यात वा तलावात सोडणे हा सुटकेचा मार्ग नव्हे. ते त्या जीवाशी क्रौर्य आहे आणि आपल्या जलाशयांशी द्रोह आहे.

दैवदुर्विलास असा की, प्रयोगशाळांत आणि घरोघरी वाढणारा हा प्राणी त्याच्या मूळ घरी संपत चालला आहे. झोचिमिल्कोत १९९८ साली दर चौरस किलोमीटरला सुमारे ६००० ॲक्झोलॉटल मोजले गेले होते. २०१४ च्या गणनेत हा आकडा ३६ वर आला. शहराचे सांडपाणी आणि बाहेरून आणून सोडलेले कार्प व तिलापिया मासे ही त्याची प्रमुख कारणे. तुटलेला पाय पुन्हा उगवू शकणाऱ्या जीवालाही नासलेले पाणी पुन्हा घडविता येत नाही.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. ज्याच्यापाशी थंडाव्याची सोय, नोंदणीची तयारी आणि दहा वर्षांचा धीर आहे, त्याने हा छंद खुशाल करावा. इतरांनी मुलाच्या हाती आधी एक तापमापक द्यावा, आणि मे महिन्यात घरातील बादलीभर पाण्याचे तापमान रोज वहीत टिपावयास सांगावे. महिन्याअखेर त्याचे उत्तर त्यालाच सापडेल. ते ‘नाही’ असे निघाले, तरी एका जीवाची गरज आपल्या हौसेआधी मोजावयास तो शिकलेला असेल. हे शिक्षण कोणत्याही पेटीहून मोलाचे आहे.