खिडकी कोणासाठी?

घर बांधायला काढलेल्या माणसाला फुकट सल्ला देणाऱ्यांची वानवा कधीच पडत नाही. पूर्वी हे सल्ले नाना प्रकारचे असत. कोणी विहिरीची जागा दाखवी, कोणी दाराचे तोंड फिरवायला सांगे, कोणी सुताराचे नाव सुचवी. हल्ली मात्र साऱ्यांचे एकमत झाले आहे. पुण्याचा असो की टोरांटोचा, प्रत्येक जण एकच सांगतो : खिडकी मोठी ठेवा. जमिनीपासून आढ्यापर्यंत काच लावा. निसर्ग घरात येऊ द्या!

या एकमताविरुद्ध मला भांडायचे आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर भांडण वाढणे शिष्टसंमत नाही, हे मी जाणतो. पण घराच्या गोष्टी घरची सगळी माणसे एकत्र बसलेली असतानाच निघाव्यात, म्हणून हा मुहूर्त बरा.

प्रथम माझा अधिकार सांगतो. मी कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, कॅरिबू नावाच्या पठारी मुलुखात राहतो. तेथे मी, सौ. आणि दोन्ही मुले अशा चौघांनी मिळून ओंडक्यांचे घर बांधले. साली काढलेले आखे ओंडके एकावर एक रचायचे, कोपऱ्यात खाचा पाडून ते एकमेकांत बसवायचे आणि त्याच भिंती, तोच सांगाडा, अशी ही रीत आहे. या भिंतीत खिडक्या बसवण्यात आमचा एक उन्हाळा गेला. त्यामुळे खिडकी या विषयावर मी जे बोलतो, ते पुस्तकातले नव्हे, करवतीच्या भुशातले आहे.

ओंडक्याच्या भिंतीचा पहिला धर्म असा, की ती स्थिर नसते. ताजे लाकूड वाळताना आटते. लांबीत ते जवळजवळ आटत नाही, आडव्या अंगाने मात्र चांगलेच आटते. आडवे रचलेले ओंडके असे आटू लागले आणि वरच्याच्या भाराने खालच्यावर नीट दबून बसू लागले, की सारी भिंत खाली येते. ओल्या ओंडक्यांसाठी येथले कारागीर दर फुटाला पाऊण इंच, म्हणजे शेकडा ६ या हिशेबाने उतरण धरतात. ही उतरण एका रात्रीत होत नाही. काही वर्षे चालते. आता अशा भिंतीत तुम्ही चौकट ठोकून घट्ट बसवलीत, तर काय होईल? भिंत खाली येऊ पाहील, चौकट तिला येऊ देणार नाही. मग एक तर वरचे ओंडके चौकटीवर अधांतरी टेकून राहतील आणि सांध्यांतून वारा शिरेल, नाही तर छपराचा सारा भार काचेवर येऊन काच तडकेल.

म्हणून येथले जाणते सुतार चौकट भिंतीला ठोकतच नाहीत. खिडकीसाठी कापलेल्या ओंडक्यांच्या तोंडांना वरपासून खालपर्यंत एक उभी खाच पाडतात. त्या खाचेत लाकडी पट्टी सरकवतात आणि चौकटीच्या बाजू त्या पट्टीला जखडतात, ओंडक्यांना नाही. ओंडके पट्टीवरून खाली सरकत राहतात, चौकट जागच्या जागी उभी राहते. चौकटीच्या माथ्यावर उतरणीची फट मोकळी ठेवतात, तीत मऊ लोकर भरतात, आणि फट झाकणारी फळी फक्त वरच्या ओंडक्याला ठोकतात. म्हणजे भिंतीबरोबर तीही चौकटीवरून खाली सरकते. आमची मोठी खिडकी ५ फूट उंच आहे. तिच्या माथ्यावर पावणेचार इंच फट ठेवली होती. तीन वर्षांत ती सव्वा इंचावर आली. भिंतीने आपला शब्द पाळला!

आता माझा मुद्दा पाहा. ५ फुटांच्या खिडकीला पावणेचार इंच लागतात, तर १२ फूट उंचीच्या काचेला ९ इंच लागतील. आमच्याकडे खिडक्यांचा एक विक्रेता आला होता. त्याने दिवाणखान्याची १६ फूट रुंद आणि १२ फूट उंच अशी आख्खी बाजू काचेची करण्याचा आराखडा पुढे टाकला. ६ मिलिमीटर जाडीच्या दुहेरी काचेचे वजन दर चौरस मीटरला ३० किलो भरते. त्या हिशेबाने नुसती काचच अर्ध्या टनाच्या वर गेली असती. ती पेलायला जाड खांब हवेत. पण उभा खांब उंचीत आटत नाही आणि शेजारची भिंत आटते. म्हणून प्रत्येक खांबाखाली स्क्रूचा जॅक बसवून, भिंत उतरेल तसा तो खाली घेत बसायचे. ज्या घराला आपण साधेपणासाठी पसंत केले, त्याला एवढ्या कुबड्या कशासाठी? विक्रेत्याचे उत्तर तयार होते : देखावा!

देखाव्याची किंमत काय पडते, तेही पाहू. आमच्याकडे हिवाळ्यात पारा शून्याखाली ३० अंशांपर्यंत उतरतो. चांगल्या प्रतीच्या दुहेरी तावदानातूनही फूटभर जाड लाकडी भिंतीच्या तिप्पट-चौपट उष्णता बाहेर जाते, आणि एकेरी काचेतून तर दहापटीहून अधिक. शिवाय थंड काचेला घरातली वाफ धरते, तिचे पाणी खालच्या चौकटीत उतरते आणि लाकूड कुजू लागते. देखावा पाहायला माणूस काचेजवळ जातो आणि पाठीवर शाल ओढून परत शेगडीपाशी येऊन बसतो. मग पाहिले काय?

माझ्या प्रतिपक्षाचा एक मुद्दा मात्र खरा आहे आणि तो मी डावलणार नाही. आम्ही ५२ अक्षांशाच्या आसपास राहतो. डिसेंबरच्या २१ तारखेला दिवस जेमतेम पावणेआठ तासांचा असतो आणि भर दुपारी सूर्य क्षितिजावर १४-१५ अंशच चढतो. अशा मुलुखात अंधाराने माणसाचे मन खचते. उजेड ही तेथे चैन नव्हे, अन्न आहे. म्हणूनच आम्ही दक्षिणेला एक मोठी खिडकी ठेवली, ६ फूट रुंद आणि ५ फूट उंच. हिवाळ्यातले खालून येणारे ऊन तिच्यातून थेट मागच्या भिंतीपर्यंत पोहोचते, आणि उन्हाळ्यात सूर्य ६० अंशांच्या वर गेला की छपराची पुढे आलेली वळचण ते अडवते. उत्तरेला फक्त एक लहान झडप ठेवली. पण हा हिशेब सूर्याचा आहे, देखाव्याचा नव्हे. देखावा पश्चिमेला होता. तेथे एक मध्यम खिडकी पुरली.

मोठ्या बंद काचेचे आणखी दोन अपराध आहेत. पहिला म्हणजे ती उघडत नाही. लाकडाच्या घराला आग लागली, तर झोपेतून उठलेल्या माणसाने जायचे कोठून? कॅनडाच्या बांधकाम-संहितेत, ज्या निजण्याच्या खोलीला थेट बाहेर दार नाही तिला किमान ०.३५ चौरस मीटर मोकळा मार्ग देणारी, कोणत्याही बाजूने ३८० मिलिमीटरांपेक्षा अरुंद नसलेली आणि किल्ली-हत्याराविना आतून उघडणारी खिडकी सांगितली आहे. भिंतभर काचेपुढे हा चिमुकला आकडा हास्यास्पद दिसतो. पण प्राण वाचवणारी खिडकी तीच. दुसरा अपराध पाखरांचा. काचेत उमटलेले झाड पाखराला खरे झाड वाटते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दरवर्षी ३६.५ कोटी ते ९८.८ कोटी पक्षी काचांवर आपटून मरतात, असा अंदाज २०१४ साली प्रसिद्ध झाला. यांतले फारच थोडे गगनचुंबी इमारतींवर आपटतात. बाकीचे लहान-मध्यम इमारतींवर आणि तुमच्याआमच्या राहत्या घरांवर. निसर्ग घरात यावा म्हणून काच लावायची आणि सकाळी उंबऱ्यापाशी तोच निसर्ग मान मोडून पडलेला उचलायचा, हे कसले निसर्गप्रेम? आम्ही आमच्या मोठ्या खिडकीच्या बाहेरच्या अंगाला दोन-दोन इंचांवर ठिपके लावले. पाहुणे म्हणतात, देखावा बिघडला. पाखरांची तक्रार नाही.

काचेचे हे वेड आजचे नव्हे. इलिनॉय राज्यात फॉक्स नदीच्या काठी १९५१ साली मीस व्हान डेर रोह या नामांकित वास्तुशिल्पज्ञाने डॉ. एडिथ फार्न्सवर्थ या बाईंसाठी चहूबाजूंनी काचेचे घर बांधले. जगभरच्या विद्यार्थ्यांना ते आजही दाखवले जाते. पण त्या घरात दाराखेरीज उघडणाऱ्या खिडक्या होत्या अवघ्या दोन, त्याही लहान. उन्हाळ्यात घर तापे आणि डासांपायी बाईंना ओसरीला जाळ्या लावून घ्याव्या लागल्या. घर अमर झाले, राहणारी जेरीस आली. १९५९ साली इंग्लंडातल्या पिल्किंग्टन कंपनीने वितळलेल्या कथिलावर काच तरंगवून पसरण्याची कृती जाहीर केली. पुढे त्या कृतीने मोठी सपाट काच स्वस्त झाली, आणि जे वेड एका श्रीमंत डॉक्टरीणबाईंपुरते होते, ते सर्वांच्या आवाक्यात आले.

आवाक्यात आले ते आता आपल्या महाराष्ट्रातही. लोणावळा, मुळशी, महाबळेश्वर येथे सुटीची घरे बांधणारे माझे आप्त मला छायाचित्रे धाडतात. भिंतभर काच आणि तिच्यापुढे हात पसरून उभे असलेले यजमान! गेल्या खेपेस माझ्या मेहुण्याने मला सुनावले, "दाजी, समोर एवढी दरी पसरली असताना भिंती कसल्या बांधायच्या?" मी म्हटले, "अरे, ऊन आणि पाऊसही समोरच पसरलेले आहेत, त्यांना काय सांगशील?" पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यात सूर्य थेट डोक्यावर येतो आणि डिसेंबरातही दुपारी ४८ अंशांवर असतो. जे ऊन कॅरिबूत आम्ही भीक मागून घरात घेतो, ते येथे न बोलावता येते. ते बाहेर ठेवण्यासाठी तर आपल्या पूर्वजांनी पडवी काढली, वळचण लांबवली, आणि गोव्यात तावदानाच्या जागी शिंपले बसवून उजेड गाळून घेतला. महाबळेश्वरी वर्षाला ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तोही आडवा. तेथे पश्चिमेला न उघडणारी काच लावायची, आत वातानुकूलन यंत्र चालवायचे आणि शेवटी काचेवर जाड पडदे ओढायचे! झाकायचीच होती, तर भिंत काय वाईट होती?

जुने ते सोने असे मात्र मी म्हणत नाही. आपल्या जुन्या वाड्यांचा मोठा गुन्हा मला ठाऊक आहे. ओटीवर वारा होता, दिवाणखान्याला गजांच्या खिडक्या होत्या, आणि जिथे बायका दिवसाचे दहा-बारा तास चुलीपुढे बसत, त्या स्वयंपाकघराला पुष्कळदा धूर जाण्यापुरता झरोका. डोळे लाल झाले ते त्यांचे! नव्या बंगल्यांत काय बदलले? दिवाणखान्याला १६ फूट काच आणि स्वयंपाकघराला दोन फुटांची जाळी. पाहुणा वर्षातून चार दिवस येतो, त्याला दरी. घरचे माणूस रोज भाजी चिरते, त्याला शेजारच्या भिंतीचा गिलावा. माझे खरे भांडण काचेशी नाही, या वाटणीशी आहे. खिडकी कोणाच्या डोळ्यांसाठी काढली, यावरून त्या घरात कोणाची किंमत किती, हे परक्यालाही कळते.

आमच्या घरात दुसऱ्या क्रमांकाची खिडकी स्वयंपाकाच्या ओट्यावर आहे. तिची उंची ठरवताना मी फूटपट्टी घेतली, तेव्हा सौ. म्हणाली, "अहो, ती पट्टी ठेवा बाजूला. मी ओट्याशी उभी राहते, माझे डोळे कुठवर येतात ते पाहा आणि तिथे खूण करा." त्या खुणेवर ती खिडकी आहे. ती दोन झडपांची आहे आणि दोन्ही उघडतात.

वाचकहो, यंदा तुमच्यापैकी कोणी घर बांधायला काढले असेल, तर काचवाल्याला बोलावण्याआधी रिकाम्या जागेवर एक दिवस घालवा. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी ऊन कोठून येते ते पाहा. पावसाळा असेल तर सरी कोणत्या अंगाने झोडपतात ते पाहा. मग घरातल्या प्रत्येकाला, म्हाताऱ्या आईला आणि शाळकरी मुलालाही, त्याच्या रोजच्या जागी बसवा, उभे करा, आणि त्याच्या डोळ्यांची उंची भिंतीवर खडूने लिहा. चौकट उभी राहिल्यावर मापे दोनदा घ्या, कारण कडक केलेली सुरक्षित काच एकदा भट्टीतून निघाली की तिला पुन्हा कापता येत नाही. हे सारे करूनही एखादी खिडकी मोठी निघाली, तर ती जरूर मोठी ठेवा. माझा तिला विरोध नाही. ती कोणाला तरी विचारून मोठी झाली असेल.