देवभात गळून गेल्यावर होणारी तपासणी

पुन्हा देवभात, म्हणजे जंगली भात. गेल्या महिन्याच्या टपालात याच विषयावरची पत्रे सर्वांत जास्त आहेत आणि ती कल्याण, भिवंडी, मुरबाड, शहापूर अशा चारही तालुक्यांतून आली आहेत. तक्रार एकच. प्रमाणित बियाणे घेऊन आवण टाकले, लावणी ओळीत केली, तरी निसवणीला खाचरात लांब कुसळांच्या लोंब्या दिसू लागल्या. बियाणे तयार करणारा म्हणतो, माझा प्लॉट दोन्ही तपासण्यांत पास झाला आहे. त्याचेही खोटे नाही. एका प्लॉटचे कागद आम्ही पाहिले. पहिली तपासणी कापणीच्या आठ दिवस आधी, दुसरी तिच्यानंतर तीन दिवसांनी.

नियम म्हणतो, फुलोऱ्यापासून कापणीपर्यंत किमान दोन क्षेत्र तपासण्या व्हाव्यात. त्या दोन्ही शेवटच्या आठवड्यात उरकल्या तरी कागद पूर्ण होतो. देवभात मात्र तपासनीसासाठी थांबत नाही. त्याचा दाणा पिकेल तसा गळत जातो आणि पिकाची लोंबी पिवळी पडेपर्यंत बहुतेक माल चिखलात गेलेला असतो. खडवलीकडच्या एका वाचकाने अशी लोंबी पाकिटात घालून पाठवली. पाकीट उघडले तेव्हा दांडीला एकही दाणा नव्हता. सगळे दाणे तळाशी, काळपट तुसाचे, ताठ खरखरीत कुसळे एकमेकांत अडकलेली. तूस सोलले तर आत तांबडा तांदूळ. टपालाच्या पिशवीत जे झाले तेच खाचरात साध्या वाऱ्याने होते. अशी रिकामी दांडी भाताच्या गर्दीत बांधावरून कोणाला दिसणार? मग शेरा पडतो, ‘आढळले नाही’.

प्रमाण कडक आहे, हे मान्य. पायाभूत बियाण्याच्या प्लॉटमध्ये जंगली भात 0.010 टक्के, प्रमाणितमध्ये 0.020 टक्के, म्हणजे दहा हजारांत एक किंवा दोन. प्रयोगशाळेत प्रमाणित बियाण्याच्या किलोमागे 5 दाणे चालतात. हेक्टरी 40 किलो बियाणे धरले तर कायद्याने चालणारे दाणेच 200 होतात. त्यातला एकेक रोप होऊन गळला की पुढच्या वर्षीचा हिशेब वेगळा मांडायला नको. शिवाय मळणीत कुसळ मोडते आणि दाणा वरून इतर वाणासारखाच दिसतो. म्हणून खरी गाळणी शेतातच लागली पाहिजे, तीही निसवणीच्या आठवड्यात. उशिरा आलेला तपासनीस त्या शेतकऱ्यावर उपकार करत नाही. तो पुढच्या वीस शेतकऱ्यांच्या खाचरात तण पेरतो.

आता आपल्या मंडळींविषयी. ‘जंगली भात’ म्हणून सगळे एकाच पेंढीत बांधण्याची सवय आपलीही आहे. ओरायझा प्रजातीतल्या दोनच जाती माणसाने शेतीत आणल्या, आपली सटायव्हा आणि पश्चिम आफ्रिकेतली ग्लॅबेरिमा. बाकी वीसेक जाती रानातल्या, आणि प्रत्येकीची जागा ठरलेली. ओरायझा रुफिपोगॉन बहुवर्षायू, तळ्यात आणि खोल पाणथळीत राहणारी. पेराला मुळे फोडून ती पसरते, दाणा कमी धरते. ओरायझा निवारा वर्षायू, दिवाळीनंतर सुकणाऱ्या उथळ डबक्यांत आणि रस्त्याकडेच्या चरात येते, दाणा भरपूर टाकते. तिसरा प्रकार या दोघींचा पिकाशी संकर होऊन तयार झालेला. तो उंचीला पिकाच्या बरोबरीचा, कधी कुसळाशिवायचाही असतो. घात हा करतो. आवणात तो ओळखू येत नाही, आणि भाताला न दुखावता त्याला मारणारे तणनाशक आपल्या नेहमीच्या वाणांत चालत नाही. 2021 मध्ये इमॅझेथापायर सहन करणारे दोन बासमती वाण प्रसारित झाले. पण तो गुण संकरातून देवभातात उतरला, तर तेही औषध वाया जाईल.

कल्याण-शीळ रस्त्यालगत आणि टिटवाळ्याकडे त्याला आणखी एक आश्रय मिळाला आहे. विकलेली, टॉवरची वाट पाहत पडीक राहिलेली खाचरे. तिथे ना चिखलणी, ना बेणणी. पाण्याबरोबर दाणा खालच्या शेतात उतरतो आणि त्या जमिनीच्या मालकाला विचारणारा कोणी नाही. अशा खाचराखाली प्लॉट घेऊच नका, हे आम्ही पूर्वीही लिहिले होते. तरी घेतले जातात. मजूर मिळत नाहीत म्हणून लावणी सोडून थेट पेरणीकडे वळणाऱ्यांनी तर दुप्पट सावध राहावे, कारण ओळीबाहेरचे रोप उपटण्याची सोय लावणीतच आहे.

याच रागाच्या भरात काही वाचक गावतळ्यातले देवभातही मुळासकट काढा म्हणतात. ते आम्हाला मुळीच मान्य नाही. आपण पिकवतो त्या कर्जतच्या 1998 सालच्या ‘सह्याद्री’ संकरित भाताच्या मादी वाणाचे परागकण वांझ करणारा गुण 1970 मध्ये चीनच्या हैनान बेटावर सापडलेल्या एका जंगली रोपातून आला. गवती खुजा रोगाला तोंड देणारे जनुक उत्तर प्रदेशातल्या निवाराने दिले. तळ्यांना सिमेंटचे कठडे बांधून ठाणे आणि कल्याण या शहरांनी काठचे गवत उपटलेच आहे. उरलेल्या गावतळ्यांत देवभात राहू द्या. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे अन्न न खाणाऱ्या घरांना ते लागते, आणि उद्याच्या पैदासकाराला त्याहून जास्त लागेल.

बीजोत्पादक बंधू-भगिनींनो, येत्या खरिपात पोटरी दिसताच निसवणीची तारीख लेखी कळवा आणि पोच घ्या. तपासनीस आला नाही तर तारखेसह फोटो काढून ठेवा. भेसळ काढायला तीनदा उतरा, आणि उपटलेले रोप बांधावर टाकू नका, पोत्यात घालून बाहेर न्या. भाड्याचे हार्वेस्टर खाचरात उतरण्याआधी त्याची टाकी आणि चाळण्या उघडून झाडून घ्या, चालक कितीही घाई करो. आणि ज्यांची तपासणी कापणीच्या तोंडावर झाली, त्यांनी दोन्ही तारखांची प्रत आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात तालुकावार तक्ता छापू आणि तोच घेऊन जिल्ह्याच्या कृषी अधिकाऱ्यांसमोर बसू.