तिरंग्याचा मान आणि कैदेची शिक्षा

हावडा-मुंबई लोहमार्गावरील चरोदा-भिलाई परिसराप्रमाणेच रायगढही आज छत्तीसगडमध्ये आहे. तेथील कारखान्यावर तिरंगा फडकविण्यास उद्योगपती नवीन जिंदल यांना प्रशासनाने मनाई केली होती. त्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २३ जानेवारी २००४ रोजी सन्मानपूर्वक ध्वज फडकविणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग ठरविला.

मग ध्वज जाळण्याचे काय? राष्ट्रसन्मानाच्या अवमानास प्रतिबंध करणाऱ्या १९७१ च्या कायद्यानुसार सार्वजनिक ठिकाणी ध्वज जाळणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ध्वजसंहिता मात्र फाटका ध्वज खासगीरीत्या, शक्यतो जाळूनच, नष्ट करण्यास सांगते. अर्थात कायद्याचा रोख आगीवर नसून तीमागील अवमानाच्या संदेशावर आहे.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये असा निषेधही पाच विरुद्ध चार मतांनी संरक्षित मानला. भारताने तेच अनुकरण करावे असे नाही. ध्वजाचा आदर हे येथे घटनादत्त मूलभूत कर्तव्य आहे. तथापि, कलम १९(२) मधील निर्बंधांत सार्वजनिक सुव्यवस्थेचा उल्लेख आहे, राष्ट्रसन्मानाचा स्वतंत्र उल्लेख नाही. म्हणून हिंसेला चिथावणी असेल तेथेच कैद असावी. निव्वळ निषेधास दंड पुरेसा आहे. हा भेद न्यायाधीशांच्या मर्जीवर न सोडता संसदेनेच कायद्यात नोंदवावा.