सारथ्याची निवृत्ती

नोकरीतून निवृत्त होण्याचे वय सरकारने ठरवून दिले आहे. दुकानाच्या गल्ल्यावरून केव्हा उठावे, कुळागराचा कारभार मुलाच्या हाती केव्हा सोपवावा, याचेही काही संकेत आपल्या घराघरांत रुळलेले आहेत. पण वय झालेल्या माणसाने मोटार चालविणे केव्हा थांबवावे, याविषयी ना कायद्याचा स्पष्ट शब्द आहे, ना घराण्याचा रिवाज. मुले आपसांत कुजबुजतात, सून मध्ये पडत नाही, आणि वडिलांसमोर विषय काढण्याचे धैर्य कोणालाच होत नाही. मग एखाद्या दिवशी कोठल्यातरी वळणावर तो निर्णय आपोआप लागतो. असा निर्णय अपघाताने लागू नये, एवढ्यासाठीच या विषयाची जाहीर चर्चा व्हावयास हवी, असे आम्हांस वाटते.

गोव्यात हा प्रश्न आजच उभा राहावा यालाही कारण आहे. १९६१ पूर्वीच्या गोव्यात स्वतःची मोटार असलेली घरे थोडी होती. लोक पायी चालत, होडीने नदी ओलांडत, कारेरची वाट पाहत. मुक्तीनंतर शाळा-कचेऱ्या वाढल्या, रस्ते झाले, हाती पैसा आला, आणि त्या काळात तरुण असलेल्या पिढीने प्रथम स्कूटर व पुढे मोटार दारात आणली. ती पिढी आज पंचाहत्तरीच्या आसपास किंवा तिच्याही पलीकडे आहे. गाडी चालवीत म्हातारी झालेली अशी ही आपल्या समाजातील बहुधा पहिलीच पिढी होय. तिच्यापुढे वडिलांचा कित्ता नाही. शिवाय २०११ च्या जनगणनेत साठ वर्षांवरील माणसांचे प्रमाण साऱ्या देशात सुमारे ८.६ टक्के असताना गोव्यात ते ११ टक्क्यांच्या वर होते. राज्यांत केरळखालोखाल आपलाच क्रमांक लागत होता. तेव्हा हा प्रश्न चार-दोन घरांचा राहिलेला नाही, आणि येत्या वर्षांत तो वाढतच जाणार आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. रस्त्यावरील अपघातांचे खापर म्हाताऱ्यांच्या डोक्यावर फोडण्याचा आमचा हेतू नाही. बेफाम वेग, मद्यपान, गाडी हाकताना फोनवर बोलणे, ही दुखणी मुख्यतः तरुणांची आहेत. वयस्क चालक बहुधा सावकाश जातो, नियम पाळतो, नको त्या ठिकाणी पुढे घुसत नाही. त्याच्या हातून होणाऱ्या चुका वेगळ्या जातीच्या असतात. चौकात डावी-उजवीकडून येणाऱ्या वाहनाचा वेग त्याला नीट हेरता येत नाही; उजवीकडे वळताना अंदाज चुकतो; गाडी मागे घेताना मान पुरेशी वळत नाही; क्वचित ब्रेकऐवजी पाय अ‍ॅक्सिलरेटरवर पडतो. परदेशांतील अनुभव असा आहे, की अंतराच्या हिशेबाने पाहिले तर पंचाहत्तरीच्या सुमारास अपघाताचा धोका वाढू लागतो. तरुण ज्या धक्क्यातून खरचटण्यावर निभावतो, तोच धक्का वृद्धाच्या जिवावर बेतू शकतो, हे तर सांगावयासच नको.

याची कारणे शरीरधर्मातच आहेत. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतील तरुणाच्या मानाने सुमारे एक-तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. मोतीबिंदू धरू लागला की समोरून येणाऱ्या दिव्यांचा झोत डोळ्यांत पसरतो आणि काही क्षण काहीच दिसत नाही. काचबिंदू कडेची नजर इतक्या गुपचूप खातो, की पुष्कळ नुकसान होईपर्यंत त्या माणसास पत्ताही लागत नाही. जुन्या मधुमेहाने तळपाय बधिर होतात, आणि पायाखाली कोणता पेडल आहे, किती दाबला गेला, हे कळेनासे होते. झोपेच्या, सर्दीच्या वा मनःशांतीच्या गोळ्यांनी गुंगी येते. आणि या सर्वांहून बिकट म्हणजे स्मृतिभ्रंश. कारण त्यात ज्याची पारख गेलेली असते, त्यालाच आपल्या पारखीचा निवाडा करावयाचा असतो. आषाढातल्या संध्याकाळी, काचेवर पावसाचा मारा चालू असताना, दिवे नसलेल्या रस्त्यावर गुरे बसलेली असतात, अशा वेळी तरुण डोळ्यांचीही कसोटी लागते. मग थकल्या डोळ्यांची काय कथा?

कायदा याविषयी काय म्हणतो? आपल्याकडे गाडी चालविण्यास वयाची वरची मर्यादा नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार ५५ वर्षे पूर्ण झालेल्या माणसास खासगी वाहनाचा परवाना एका वेळी पाच वर्षांसाठी मिळतो. चाळिशी उलटलेल्या अर्जदाराने डॉक्टरचा दाखला जोडावयाचा असतो. म्हणजे पंचावन्नच्या धडधाकट माणसाला आणि ऐंशीच्या वृद्धाला कायदा एकाच मापाने मोजतो. ऐंशीनंतरची पाच वर्षे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी वडीलधारे आहेत त्यांना ठाऊक आहे. पहिल्या वर्षी जो माणूस देवळाच्या पायऱ्या ताठ चढतो, त्याला पाचव्या वर्षी हात द्यावा लागतो. डॉक्टरच्या दाखल्याविषयी तर न बोललेलेच बरे! रक्तदाब पाहून, चार जुजबी प्रश्न विचारून, ओळखीपाळखीवर सही मिळाल्याची उदाहरणे कोणी सांगावयास हवीत असे नाही. केंद्र सरकारने परवान्यांच्या संगणकीय व्यवस्थेला ‘सारथी’ असे नाव दिले आहे. नाव उत्तम आहे. पण सारथ्याची पारख कागद पाहून होत नसते.

त्याच कायद्याच्या सोळाव्या कलमाने परवाना अधिकाऱ्यास एक महत्त्वाचा अधिकार दिलेला आहे. एखादा परवानाधारक आजाराने वा अपंगत्वाने गाडी चालविण्यास असमर्थ झाला आहे, असे मानण्यास सबळ कारण असेल, तर अधिकारी त्याच्याकडून नव्याने वैद्यकीय दाखला मागवू शकतो किंवा परवाना रद्द करू शकतो. त्यासाठी मुदत संपण्याची वाट पाहावी लागत नाही. हे कलम पुस्तकात पडून राहू नये.

इतर देशांकडे पाहिले तर दोन उदाहरणे बोलकी आहेत. जानेवारी २०१९ मध्ये इंग्लंडच्या राणीचे पती प्रिन्स फिलिप यांची गाडी सँड्रिंगहॅमजवळ दुसऱ्या गाडीवर आदळून उलटली. त्यांचे वय तेव्हा ९७ होते. ते स्वतः बचावले; दुसऱ्या गाडीतील दोन स्त्रियांना दुखापत झाली. पुढच्याच महिन्यात त्यांनी आपला परवाना परत केला. ज्यांच्या दिमतीला हवे तितके चालक होते, त्यांनाही गाडी सोडवत नव्हती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये टोकियोच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या एका चालकाची गाडी पादचाऱ्यांवर गेली. एक तरुण माता आणि तिची तीन वर्षांची मुलगी प्राणास मुकली. आपली गाडीच बिघडली होती, असे चालकाचे म्हणणे होते. ब्रेकच्या जागी अ‍ॅक्सिलरेटर दाबला गेला, असा निर्णय देऊन न्यायालयाने २०२१ साली त्याला पाच वर्षांची शिक्षा सुनावली. नव्वदीच्या उंबरठ्यावरील माणसाला तुरुंगवास आणि एका तरुण माणसाचा संसार उद्ध्वस्त, एवढीच या साऱ्याची निष्पत्ती!

जपानने यातून घेतलेला धडा मात्र अनुकरणीय आहे. ७५ वर्षांवरील चालकांची स्मरणशक्ती व आकलन यांची चाचणी परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी तेथे २००९ पासूनच होत असे. २०२२ पासून, ज्यांच्या हातून ठरावीक नियमभंग झाले आहेत, अशा वृद्धांस प्रत्यक्ष गाडी चालवून दाखवावी लागते. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही, की परवाना स्वखुशीने परत करण्याची सोय तेथे १९९८ पासून आहे. परत करणाऱ्यास ओळखपत्र म्हणून चालणारे प्रमाणपत्र मिळते, आणि अनेक गावांत बसच्या किंवा टॅक्सीच्या भाड्यात सवलत मिळते. टोकियोच्या अपघाताच्या त्या वर्षी सुमारे सहा लाख लोकांनी आपले परवाने परत केले. परवाना परत करणाऱ्याला तेथे सन्मानाने निरोप दिला जातो, आणि पुढच्या प्रवासाची काही तजवीजही केली जाते.

आमच्या मते या साऱ्या प्रश्नाचे मर्म तेथेच आहे. वडिलांच्या हातची किल्ली काढून घेणे म्हणजे एक यंत्र काढून घेणे नव्हे. गोव्यातील घरे वाड्यावाड्यांतून विखुरलेली आहेत. बसचा थांबा दूर, बसची पायरी उंच, आणि दिवेलागणीनंतर अनेक गावांकडे जाणारी बस मिळणे कठीण. टॅक्सीचे भाडे पेन्शनीत बसणारे नसते. पायलटच्या मागे बसून ऐंशीच्या माणसाने बांबोळीचे इस्पितळ गाठावे, असे म्हणणे धाडसाचे आहे. मुलगा पुण्याला किंवा आखातात, मुलगी बंगळूरला. अशा घरात आजोबांची जुनी गाडी हीच औषधाची, बाजाराची, बँकेची आणि सोमवारी मंगेशीच्या दर्शनाची वाट असते. ती किल्ली काढून घेतली, की त्यांच्याबरोबर आजीही घरात कोंडली जाते. गाडी सुटल्यानंतर माणूस खचतो, मित्रमंडळी तुटतात, खिन्नता येते, हे डॉक्टरही सांगतात. म्हणून जो किल्ली मागतो, त्याने त्या प्रवासाची जबाबदारीही उचलली पाहिजे. ती न उचलता केलेली मागणी हा अन्याय होय. उलट, घरच्यांनी ती जबाबदारी मनापासून उचलली असतानाही केवळ मानासाठी किल्ली न सोडणे, हा रस्त्यावरील परक्या माणसांवर अन्याय होय.

तेव्हा घरच्या मंडळींनी हा विषय अपघातानंतर नव्हे, तर हातपाय धड असतानाच काढावा. कुंपणाच्या खांबावर रंगाचे ओरखडे दिसू लागले, पायाखालच्या रस्त्यावर वाट चुकू लागली, मागून येणारे वारंवार हॉर्न वाजवू लागले, शेजारी काहीतरी निमित्त सांगून गाडीत बसण्याचे टाळू लागले, तर ती चिन्हे ओळखावीत. मुलांनी आणि वडिलांनीही स्वतःस एकच प्रश्न विचारावा: नातवाला या गाडीतून निर्धास्तपणे पाठवता येईल काय? उत्तर देताना मन कचरत असेल, तर वेळ आली आहे. सोडणेही एका दिवसात व्हावयास नको. प्रथम रात्रीचे चालविणे सोडावे, मग पावसातले, मग महामार्ग आणि घाट. गावातल्या गावात जाणे शेवटी सोडावे. दुचाकीचा निरोप मात्र सर्वांत आधी घेणे शहाणपणाचे, कारण तेथे तोल गेला की सावरावयास काही नसते, आणि मागे बहुधा वृद्ध पत्नी बसलेली असते. मुलाच्या तोंडून हे कटू वाटत असेल, तर ते घरच्या डॉक्टरने सांगावे. त्याचा शब्द सहसा मोडला जात नाही.

सरकारचे कर्तव्यही स्पष्ट आहे. कायदा केंद्राचा असल्याने परवान्याची मुदत बदलणे राज्याच्या हाती नाही. सत्तरीनंतर ती कमी करावी, असा आग्रह राज्याने केंद्राकडे धरावा. पण बांबोळी, म्हापसा व मडगाव येथील सरकारी इस्पितळांत वृद्ध चालकांच्या नजरेची, कडेच्या दृष्टीची व प्रतिसादाची तपासणी आठवड्यातून एक दिवस मोफत करणे, ही गोष्ट आजही होण्यासारखी आहे. तेथील निष्कर्षाला परवाना अधिकाऱ्याने मान द्यावा. परवाना स्वतःहून परत करणाऱ्यास बसचा मोफत पास द्यावा. बसच्या पायऱ्या म्हाताऱ्यांना चढता येतील अशा असाव्यात, आणि संध्याकाळी गावाकडे जाणाऱ्या फेऱ्या वाढवाव्यात. पंचायती आणि देवस्थान समित्या यांनीही मनावर घेतले, तर आठवड्यातून दोनदा इस्पितळात व बाजारात नेणारी एखादी गाडी गावोगाव चालू होण्यास हरकत नाही. यात्रेसाठी आपण बस ठरवतो. औषधासाठी का ठरवू नये?

रघुवंशाच्या बाराव्या सर्गाच्या प्रारंभी कालिदासाने एक सुंदर कल्पना योजली आहे. वार्धक्य पांढऱ्या केसाच्या रूपाने दशरथाच्या कानाशी आले, आणि कैकेयीला ऐकू जाईल या भीतीनेच की काय, त्याने हळूच सांगितले की आता राज्यलक्ष्मी रामाच्या हाती दे. पुढचे रामायण वेगळ्या कारणांनी घडले. पण कानाशी आलेला तो निरोप राजाने ऐकला. तो त्याला भर दरबारात कोणी सांगावा लागला नाही. आमच्या वयोवृद्ध वाचकांस आमची नम्र विनंती आहे, की तो निरोप त्यांनीही ऐकावा, आणि किल्ली आपल्या हाताने द्यावी. आणि त्यांच्या मुलांस सांगावयाचे ते हे, की ज्या हातांनी तुम्हांला पावसापाण्यातून शाळेत पोहोचविले, त्या हातांतून किल्ली घेताना पुढच्या सोमवारी मंगेशीला त्यांना कोण नेणार, याचे उत्तर तयार ठेवूनच ती घ्यावी.