विश्लेषण : हजार अश्वशक्तीच्या रेसिंग ट्रकला लगाम, खंबाटकीच्या उतारावर मात्र स्पीड गव्हर्नर हतबल का?

शर्यत म्हटली की ताकद आणि वेग मोकळा सोडलेला असणार, असे आपण धरून चालतो. ट्रकच्या शर्यतीत तसे नसते. युरोपियन ट्रक रेसिंग चॅम्पियनशिपमध्ये हजार अश्वशक्तीहून जास्त ताकदीचे ट्रक धावतात, पण ताशी १६० किमीच्या पुढे गेले की दंड. टाटा मोटर्सने मार्च २०१४ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर प्रायमा ट्रकची पहिली शर्यत घेतली, तेव्हा तर ११० किमीवरच लगाम होता. एवढ्या वेगाने आपल्याकडे साध्या कार पळतात!

ताकद रोखण्याची युक्ती सोपी आहे. इंजिन जेवढी हवा ओढते, तेवढेच डिझेल नीट जळते. म्हणून टर्बोच्या तोंडाशी ठरावीक मापाचे भोक असलेली चकती बसवतात. जास्त डिझेल ओतले तर ताकद वाढत नाही, काळा धूर मात्र निघतो. आणि धुरावरही पंचांची नजर असते.

आपल्या रस्त्यावरच्या ट्रकचे काय?

१ ऑक्टोबर २०१५ नंतर तयार झालेल्या बहुतेक व्यावसायिक वाहनांना स्पीड गव्हर्नर सक्तीचा आहे. मर्यादा ताशी ८० किमी. टँकर, डंपर आणि स्कूल बससाठी ६०. गाडी त्या वेगाला पोहोचली की गव्हर्नर इंजिनाला जाणारे डिझेल कमी करतो. सपाट रस्त्यावर हे उत्तम चालते. (वायर काढून ठेवलेले गव्हर्नर हा वेगळाच विषय.)

पण सांगलीहून हळद किंवा बेदाणा भरून मुंबईला निघालेला ट्रक पाहा. पेठनाका, कऱ्हाड, सातारा करत तो खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडतो आणि उतार सुरू होतो. चालकाचा पाय ॲक्सिलरेटरवर नसतोच, म्हणजे डिझेलही जवळपास बंदच. मग गव्हर्नर कमी करणार काय? गाडी आता इंजिन नाही, उतार ओढतो आहे. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून डिझेल वाचवण्याची सवय असेल, तर इंजिनाची रोधशक्तीही हातची गेली.

थोडे गणित मांडू. ४० टनांचा ट्रेलर ४ टक्के उतारावरून ताशी ६० किमीने उतरतो, असे धरा. टायर आणि हवेचा रोध वजा केला तरी त्याला त्याच वेगात धरून ठेवायला अडीचशेहून जास्त अश्वशक्ती लागते. हे सगळे नुसत्या ब्रेकवर टाकले तर लायनर तापतात आणि पकड सुटते. वेग ३० वर आणला तर हा भार जवळपास निम्मा होतो. खालच्या गिअरचे महत्त्व इथे आहे.

रेसिंग ट्रकचे वजन सुमारे साडेपाच टन. तो १६० किमी वेगात असताना त्याच्यात जेवढी ऊर्जा असते, तिच्या जवळपास दुप्पट ऊर्जा आपल्या ४० टनी ट्रेलरमध्ये ८० किमीलाच असते. तरीही रेसिंग ट्रकच्या ब्रेकवर पाण्याचा फवारा मारायची सोय असते, आणि आपल्या ट्रेलरच्या ब्रेकला गार ठेवायला फक्त वारा.

त्यात २०१८ मध्ये केंद्राने ट्रकची वजनमर्यादा वाढवली. तीन ॲक्सलच्या ट्रकची २५ टनांवरून २८.५ टन झाली. वेगाची मर्यादा तीच, थांबवायची ऊर्जा १४ टक्क्यांनी जास्त. ट्रकमालकांना दिलासा मिळाला हे खरे, पण ब्रेकची अट त्याच वेळी कडक व्हायला हवी होती, असे माझे मत आहे.

त्याच वर्षी १० एप्रिलच्या पहाटे खंबाटकीच्या बोगद्याजवळच्या वळणावर मजुरांचा टेम्पो बॅरिकेडवर आदळून उलटला आणि १८ जणांचा जीव गेला. विजयपूरकडून शिरवळला कामासाठी निघालेली माणसे होती ती. हे एस वळण टाळण्यासाठीच नव्या दुहेरी बोगद्यांचे काम हाती घेण्यात आले. वळण टळेल, पण घाटाची उंची उतरावी लागणारच.

सांगलीतल्या उसाच्या दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरला तर वेगाचा प्रश्नच नाही. तो ताशी २०-२५ किमीने जातो, पण ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतील तर त्या उतारावर ट्रॅक्टरलाच ढकलतात. इथेही गव्हर्नर बसवून काही साधणार नाही.

म्हणून पासिंगच्या वेळी आरटीओने गव्हर्नरच्या सीलइतकीच एक्झॉस्ट ब्रेकचीही तपासणी करावी. अवजड ट्रेलरला रिटार्डर सक्तीचा करावा. आणि बोगद्याआधी जड वाहनांना थांबून ब्रेक तपासायला, खालचा गिअर टाकायला जागा द्यावी. कॅमेरा बसवायला हरकत नाही, पण तापलेल्या लायनरच्या ट्रकचा तो फक्त फोटो काढेल.