हाकेला ओ

संडे मॉर्निंग. आठवडाभर बदलापूर-सीएसएमटी लोकलला लटकणारी जनता या वेळी अंथरुणात असते. आम्ही चौघं मात्र कुळगावात, काकांच्या गॅलरीत पत्ते पिसत बसलेलो. ट्रेनमधल्या ग्रुपने मला मेंढीकोट शिकवला, ब्रिज शिकवला काकांनी. रिटायर्ड माणूस, पण पार्टनर म्हणून एकदम कडक!

परवा काकांनी ओपन केलं, 'एक बदाम'. म्हणजे हातात किमान पाच बदाम आणि साधारण बारा किंवा जास्त पॉइंट्स. (एक्क्याचे ४, राजाचे ३, राणीचे २, गुलामाचा १.) माझ्याकडे राजा-गुलामासह चार इस्पिक, राणीसह तीन बदाम, राणीसह चार चौकट आणि दोन फुटकळ किलवर. पॉइंट्स आठ. इस्पिकचा राजा बघून मला राहवलंच नाही. 'एक इस्पिक!' पुढच्या भिडूने थेट 'तीन किलवर' ठोकलं. काका गप्प. 'तीन बदाम' म्हणायची माझी हिंमत होईना. पानं उघडली तेव्हा कळलं, बदाम हुकूम करून आमचे नऊ हात आरामात होते.

काका चिडले नाहीत, हेच जास्त लागलं. एवढंच म्हणाले, "अरे, मी हाक मारली. तू ओ द्यायची सोडून स्वतःचीच स्टोरी सुरू केलीस."

तर बॉस, पार्टनरने बदाम किंवा इस्पिक ओपन केलं की आधी त्या रंगाची आपली पानं मोजा. तीन आहेत? त्याची पाच धरून आठ झाली, हुकूम ठरला. आता ताकद सांगा. सहा ते दहा पॉइंट्स असतील तर 'दोन बदाम'. दहा-बारा आणि चार बदाम असतील तर 'तीन बदाम'. तेराच्या वर असतील तर गेम सोडायचा नाही. आधी नवा रंग सांगा, म्हणजे पार्टनर पास म्हणणार नाही. सहाच्या खाली? निमूट पास. साथ नसेल, तेव्हाच इस्पिकचं कौतुक. गंमत म्हणजे पाच बदाम, एखाद्या रंगाचं एकच पान आणि पॉइंट्स जेमतेम असतील, तर थेट 'चार बदाम'. ही ताकद नव्हे, समोरच्यांच्या तोंडावर दार लावणं! जोडीगणिक नियम थोडे बदलतात, म्हणून आधी ठरवून घ्या.

एवढा आटापिटा का? इस्पिक-बदामात प्रत्येक हाताचे ३० गुण, म्हणून दहा हातांत गेम होतो. किलवर-चौकटचे २०च, तिथे अकरा लागतात.

आणि हा फक्त रिटायर्ड लोकांचा टाइमपास नाही हं. २०१८च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार या जोडीने भारताला गोल्ड मिळवून दिलं. बर्धन तेव्हा साठीचे होते!

घरी आलो, मोबाइल उघडला. बाबांचा आदल्या रात्रीचा मेसेज होता, 'शुक्रवारी मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरतंय.' त्याखाली माझं उत्तर. तीन डेडलाइन्स, एक रात्रीची शिफ्ट, ट्रेनची बोंब. हाक बदामाची, उत्तर इस्पिकचं.

फोन लावला. "बाबा, शुक्रवारी येतोय."

"बरं," ते म्हणाले. आवाज एकदम मोकळा.